डाइव्हमास्टर व्हायचंय? सुरुवात बालेवाडीच्या पूलपासून

मालवणला एकदा पाण्याखाली जाऊन आलं की 'यातच करिअर केलं तर?' असं डोक्यात येतंच. येऊ दे. फक्त त्या डाइव्हमध्ये कुणीतरी मागून सिलिंडर धरून तुमचं सगळं काम करत होतं, हे विसरू नका. शिकायचंय ते त्याचं, म्हणजे डायव्हर्सना पाण्याखाली सांभाळून नेणाऱ्या डाइव्हमास्टरचं काम.

पाडी (PADI) या डायव्हिंग प्रशिक्षण संस्थेच्या डाइव्हमास्टर कोर्सला वय १८ पूर्ण हवं, आधी रेस्क्यू डायव्हर (अडचणीतल्या डायव्हरला वाचवायला शिकवणारा कोर्स) झालेलं हवं. सुरुवातीला ४० डाइव्ह, सर्टिफिकेट मिळेपर्यंत ६०. दमसासाची तयारी मात्र पुण्यातच होते. ४०० मीटर न थांबता पोहणं म्हणजे बालेवाडीच्या ५० मीटर पूलच्या आठ लांब्या. १५ मिनिटं जागेवर तरंगणं, त्यातली शेवटची दोन हात पाण्याबाहेर काढून. इथे बऱ्याच जणांचे पाय आधी बोलतात.

खरी कसोटी असते दाखवून शिकवण्याची. साधं मास्कमधलं पाणी काढणं घ्या. मास्क भरू द्यायचा, वरची कड बोटांनी कपाळावर दाबायची, नजर थोडी वर, मग नाकाने सावकाश उच्छ्वास. सरावलेला माणूस हे दोन सेकंदांत उरकतो आणि समोरच्याला काही दिसतच नाही. प्रत्येक पायरीवर थांबायला हवं. कारण नवखा नाकाने श्वास घेतो, ठसका लागतो आणि तो श्वास रोखून वर झेपावतो. दीड मीटर खोलीवरूनही असं वर येताना फुप्फुसाला इजा होऊ शकते.

हिशोबाचा कंटाळा असेल तर हे काम नको. ११ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार (हवेच्या दाबाचं माप) हवा, ५० राखीव, म्हणजे वापरायला १६५० लिटर. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर लागत असतील तर २० मीटर खोलीवर दाबामुळे तिप्पट, ६०. सत्तावीस मिनिटांत खेळ खलास. शिवाय वापरलेल्या हवेचं वजन साधारण दोन किलो असतं. भरल्या सिलिंडरवर कमरेची वजनं (खाली राहण्यासाठी बांधलेलं शिसं) बेतली तर शेवटी सुरक्षेसाठी पाच मीटरवर जे थांबायचं, ते थांबताच येत नाही, माणूस वर तरंगत जातो.

आणि पुणेकरांसाठी खास: मालवणहून परतताना घाटात लागणारी आंबोली सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. डाइव्हनंतर विमानासाठी जी थांबायची मुदत असते (एका डाइव्हनंतर १२ तास, अनेक झाल्या तर १८), तीच ६०० मीटरच्या वर गाडीने चढतानाही पाळावी. तेव्हा रविवारी दुपारची डाइव्ह सोडा, नाहीतर सोमवारची रजा टाका.