एस्टीमचं तापणं: रेडिएटर तोच ठेवला, हवेची वाट बदलली

फेब्रुवारीत ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर चौथ्या फेरीत माझ्या मारुती एस्टीमचा पाण्याच्या तापमानाचा काटा 112 अंशांवर गेला आणि मी पाय उचलला. इंदूरला परतल्यावर ज्याला विचारावं त्याचं एकच उत्तर: मोठा रेडिएटर टाक. नेहमीचे मिस्त्री तर म्हणाले, "भिया, वाल निकाल के फेंक दो, ठंडी चलेगी." वाल म्हणजे थर्मोस्टॅट, पाणी पुरेसं तापलं की रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप. तो जुन्या मालकाने आधीच फेकला होता, आणि गाडी थंड चालत नव्हती.

रस्त्यावर गाडी ठीक आणि ट्रॅकवर गरम, हे का होतं याचा हिशेब आधी मांडला. ढोबळमानाने पेट्रोल इंजिन चाकांना जेवढी ताकद देतं, जवळपास तेवढीच उष्णता पाण्यात सोडतं. माझ्या सोळा व्हॉल्व्हच्या 1.3 मध्ये 85 अश्वशक्ती, म्हणजे साधारण 62 किलोवॉट. बायपासवर 80 ने जाताना त्यातला लहानसा हिस्साच लागतो. ट्रॅकवर पाय तळाला असतो, फेरीमागून फेरी. त्यात गाडी सिग्नलला तापली तर संशय पंख्यावर. वेगात तापली तर पंखा निर्दोष. माझा काटा लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी चढत होता.

मग स्वस्तात जे तपासता येईल ते. रेडिएटरची कॅप दाब तपासायच्या हातपंपावर लावली तर 0.9 बारची कॅप 0.5 लाच दाब सोडत होती. 0.9 बार दाबाखाली इंदूरच्या उंचीवर साधं पाणी 118 अंशांच्या आसपास उकळतं, 0.5 बारला 110 लाच. म्हणजे त्या दिवशी 112 वर हेडच्या (सिलिंडरांवरच्या भागाच्या) आत काय चाललं असेल याचा विचार नको. नवी कॅप सर्वांत स्वस्त पडली आणि ती मी सर्वांत शेवटी पाहिली असती. थर्मोस्टॅट परत बसवला, 82 ला उघडणारा. त्याच्या अडथळ्यामुळे पंप ब्लॉकमध्ये, म्हणजे इंजिनच्या धडात, दाब धरून ठेवतो आणि हेडच्या गरम कोपऱ्यांत वाफेचे बुडबुडे कमी धरतात. कूलंट काढून डिस्टिल्ड वॉटर आणि गंजरोधक भरलं. इंदुरात पाणी गोठायची भीती नाही, कूलंटमधल्या ग्लायकॉलपेक्षा पाणी उष्णता जास्त वाहून नेतं, आणि ग्लायकॉल ट्रॅकवर सांडलं तर मागच्याची गाडी घसरते. पण नुसतं पाणी नको, ब्लॉक आणि हेड दोन्ही ॲल्युमिनियमचे आहेत, गंजरोधक नसेल तर खराब होतील.

आता खरी गंमत. ॲक्वेरियमची पारदर्शक नळी यू आकारात पट्टीवर चिकटवली, आत निळं पाणी. एक टोक रेडिएटरच्या पुढे, दुसरं मागे. टोकं बंद करून बाजूला बारीक भोक पाडलं, नाहीतर वारा थेट नळीत शिरून खोटा आकडा देतो. दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीतला फरक म्हणजे रेडिएटरमधून हवा ढकलणारा जोर. सकाळी सहाला बायपासवर सपाट भाग धरून 80 चा स्थिर वेग. जरा वेग वाढवला की पाणी तिरकं होतं आणि वाचन फुकट. आत्तेभाऊ शेजारी बसून मोबाइलवर चित्रण करतो, मी फक्त रस्ता बघतो. मजुरी म्हणून पोहे-जलेबी, दर वेळी. (पीथमपूरचा 11.3 किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक इतका जवळ असून तिथे कंपन्यांच्या गाड्या फिरतात आणि आम्ही दुधाच्या टेम्पोमागे, याचं दुःख वेगळंच.)

इंदूरच्या मे महिन्यात 80 च्या वेगाला समोरच्या हवेचा पूर्ण दाब साधारण 27 मिलिमीटर पाण्याएवढा. माझ्या रेडिएटरवरचा फरक फक्त 5. म्हणजे हवा बंपरमधून आत येऊन बाजूने, वरून, हॉर्नच्या पट्टीमागून निसटत होती. जाळीतून जाण्यापेक्षा तिला भोकातून पळणं सोपं.

सियागंजातून ॲल्युमिनियमचा पत्रा आणि फोमची पट्टी आणली. बंपरच्या तोंडापासून रेडिएटरच्या कडेपर्यंत चारही बाजूंनी पत्र्याची पेटी, सांध्यांत फोम, पॉप रिव्हेट. आधी पुठ्ठ्यावर साचा कापला म्हणून निभावलं. पहिला पुठ्ठा फ्रीजचा होता आणि वॉरंटीचं कार्ड त्यावरच चिकटवलेलं होतं हे आईने नंतर सांगितलं. फरक 5 वरून 10.

मग सगळे करतात ते मीही केलं: बॉनेटची मागची कड वॉशर घालून इंचभर वर उचलली. फरक 10 वरून 7! कारण काचेच्या पायथ्याशी वारा अडतो, तिथे दाब वाढतो, आणि गरम हवा बाहेर पडण्याऐवजी उलट हवा आत घुसते. उभ्या गाडीत तिथून वाफ निघताना छान दिसते, म्हणून लोक फसतात. वॉशर त्याच संध्याकाळी काढले.

नळीचं एक टोक बॉनेटवर टेपने चिकटवत जागा बदलत गेलो. पुढच्या कडेमागे, रेडिएटरच्या जरा मागे, खेच सर्वांत जास्त. भंगारातून जुनं बॉनेट आणलं, खालच्या फासळ्या वाचवून तिथे दोन आडव्या खाचा कापल्या आणि प्रत्येकीच्या पुढच्या कडेला छोटा उभा ओठ लावला. फरक 16. फरक तिप्पट झाला म्हणून हवा तिप्पट झाली असं नाही, पण वाढ चांगली आहे. पावसाळ्यासाठी खाचांवर झाकणं करावी लागतील.

रेडिएटरसमोर बसणारा एसीचा कंडेन्सर मागेच काढला होता. त्यावरून घरात जे बोललं गेलं ते इथे लिहीत नाही.

सिमरोलच्या घाटात, बाहेर 29 अंश, तिसरा गिअर, 60 चा वेग: आधी माथ्यावर 104, आता 95. ही ट्रॅकची परीक्षा नव्हे, हे मान्य. पण पाणी आटोक्यात आल्यावर नवाच पाहुणा दिसला. तेलाच्या मीटरवर त्याच चढावर 118, आणि पाणी स्थिर झाल्यानंतरही तो चढतच होता. ऑइल कूलर, म्हणजे तेलासाठी छोटा रेडिएटर, लावायचा तर कुठे? रेडिएटरसमोर लावला तर इतक्या खटाटोपाने आणलेली हवा आधीच गरम होणार. डाव्या फॉगलॅम्पची जागा रिकामी आहे. तिथल्या हवेला चाकाच्या कमानीतून बाहेर पडायला वाट आहे का, हे रविवारी नळी लावून पाहतो. आत्तेभावाने पोह्यांचे पैसे आगाऊ मागितलेत.