शाळा भरलेली असती तर

२५ एप्रिल, रात्री

नेपाळात २०१५ साली आजच्याच तारखेला, बाराला चार मिनिटं कमी असताना जमीन हादरली. ७.८ क्षमतेचा भूकंप, केंद्र गोरखा जिल्ह्यातल्या बारपाक गावाजवळ. जवळजवळ नऊ हजार माणसं गेली. हजारो शाळा पडल्या, नाहीतर बसण्यालायक राहिल्या नाहीत. त्या शाळांत तेव्हा मुलं नव्हती, कारण वार शनिवार होता आणि तिथे आठवड्याची सुट्टी शनिवारी असते.  रविवारी त्याच सुमाराला वर्ग भरलेले असते.

मी त्या जिल्ह्यात शाळा बांधायला गेले त्या हिवाळ्यात हे गावातल्या जवळपास प्रत्येकाच्या तोंडून ऐकलं. कुणी देवाचं नाव घेऊन सांगायचं, कुणी नुसतं बोट दाखवायचं: ती बघ, तिसरीची खोली तिथे होती. तिथे दगडांचा ढीग होता आणि त्यातून बाकाची एक फळी बाहेर आलेली होती. ढीग बराचसा उपसून झाला होता, कारण त्यातलेच दगड आम्ही नव्या भिंतीला वापरत होतो.

आज इथे नाशिकला पाथर्डी फाट्याच्या साइटवर स्लॅबचं काम होतं. डोक्यावर ऊन आणि समोर मिक्सर, तरी बाराच्या सुमाराला घड्याळाकडे लक्ष गेलंच. दर वर्षी जातं. त्या गावाबद्दल मी आजवर नीट लिहिलेलं नाही, म्हणून आज वही काढली.

गेले कशी ते थोडक्यात. सिव्हिलचा डिप्लोमा झालेला, हातात साइटचा अनुभव, आणि बांधकाम कळणारी माणसं हवी आहेत असं एका ओळखीच्या गटाकडून समजलं. नाशिकरोडहून काशी एक्सप्रेसने गोरखपूर, तिथून सोनौलीची सीमा, मग बसने नारायणघाट, मुग्लिंग करत गोरखा बाजार. पुढे दरौंदी नदीच्या कडेकडेने जीप. व्हिसा लागत नाही. पाट्या देवनागरीत, बोलायला हिंदी चालते, त्यामुळे परक्या देशात आलोय असं पहिल्यांदा वाटलंच नाही. ते वाटलं रस्ता संपल्यावर, सिमेंटची गोणी माणसाच्या पाठीवर चढताना पाहिली तेव्हा.

वाळू नदीतून आणायची. बायका डोको नावाच्या बांबूच्या टोपलीत ती भरायच्या, टोपलीचा पट्टा कपाळावर अडकवायच्या आणि चढ चढायच्या. गावातले तरुण बहुतेक आखाती देशांत, मलेशियात, नाहीतर आपल्याकडे. नाशिकच्या हॉटेलांत आणि सोसायट्यांच्या गेटवर जी पोरं आपण रोज बघतो, तशाच पोरांच्या आया आणि बायका तिथे शाळेसाठी वाळू वाहत होत्या. घरटी एक माणूस श्रमदानाला, असा गावाचा नियम होता. भातकापणीच्या दिवसांत काम थांबायचं आणि त्याबद्दल कुणी कुरकुर करायचं नाही. पोटाचं आधी.

आपल्याकडच्या माणसाला ती पडलेली भिंत समजावून सांगावी लागणार नाही. किल्लारीची भिंत तीच होती. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट, चार वाजायला आले होते. सुमारे दहा हजार माणसं झोपेत गेली. दीड-दोन हात जाडीची दगडमातीची भिंत आणि वर मातीचं जड माळवद. पॉलिटेक्निकला आमच्या सरांनी त्याचे फोटो वर्गात फिरवले होते. जाड भिंत म्हणजे मजबूत भिंत, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ती आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन वेगळ्या भिंती असतात, मध्ये नुसती चिपांची आणि मातीची भर. हादरा बसला की भर खाली बसते, दोन्ही बाजू एकमेकींपासून सुटतात, भिंत पोट काढते आणि मग वरचं सगळं आत येतं.

त्यावर उपाय जुना आणि साधा आहे. भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड टाकायचे, दर दोन फूट उंचीला, चार-चार फुटांवर. कोपऱ्यात लांब दगड आलटून पालटून, म्हणजे दोन भिंती एकमेकींना धरून राहतात. खिडकीखाली, लिंटेलला म्हणजे दार-खिडक्यांच्या वर, आणि छपराखाली सगळ्या भिंतींवरून फिरणारा काँक्रीटचा पट्टा. कोपऱ्यांत पायापासून वरपर्यंत उभी सळई. छप्पर हलकं, पत्र्याचं. एवढं केलं की भिंतीला तडे जातील, कदाचित ती कामातून जाईल, पण आतल्या पोरांना बाहेर पडायला वेळ देईल.

आरपार पुरतील एवढे लांब दगड मिळेनात तेव्हा मी आणि दोन मुलींनी सळईचे इंग्रजी एसच्या आकाराचे आकडे वाकवले. ते भिंतीत ठेवून भोवती काँक्रीट भरलं की दगडाचं काम होतं. संध्याकाळी हाताला फोड असायचे. इतकं समाधान मला फ्लॅटच्या कुठल्याच कामात मिळालेलं नाही, हे आज मोकळेपणाने लिहिते.

२६ एप्रिल

काल दाइंबद्दल लिहायचं राहिलं.

तिथे गवंड्याला डकर्मी म्हणतात. आमचे डकर्मी साठीच्या पुढचे. मी त्यांना दाइ म्हणायची, म्हणजे दादा, आणि ते मला बहिनी. भूकंपानंतर गवंड्यांसाठी जी प्रशिक्षणं झाली त्यातलं एक त्यांनी केलं होतं, या वयात, तरुण पोरांच्या शेजारी बसून. पडलेल्या शाळेच्या दोन खोल्या त्यांनीच बांधलेल्या होत्या, वडिलांनी शिकवलं होतं तशा. हे त्यांनी मला पहिल्या आठवड्यातच सांगून टाकलं, ओळंबा हातात धरून, कामाबद्दल काहीतरी सांगावं तसं. पुढे त्यांच्या लक्षात राहण्यासारख्या दोनच गोष्टी होत्या: आरपारचा दगड ते दुसऱ्या कुणाला ठेवू द्यायचे नाहीत, आणि थर पूर्ण झाला की प्रत्येक आरपारच्या दगडाच्या दोन्ही तोंडांवर चुन्याची खूण करायचे. आत येऊन मोजायचे, बाहेर जाऊन मोजायचे. आकडा जुळला की पुढचा थर.

पट्ट्याचं काँक्रीट झाल्यावर पाणी मारायचा प्रश्न आला. थंडी कडक, झरा लांब. तेव्हा मुलांनी ठरवलं की शाळेला येताना प्रत्येकाने एक बाटली भरून आणायची. शाळा तेव्हा बांबू आणि पत्र्याच्या तात्पुरत्या खोल्यांत भरायची. भूकंपानंतर ३१ मे २०१५ ला तिथल्या शाळा पुन्हा सुरू झाल्या, आणि अशा आडोशांत मुलं कितीतरी दिवस बसली. वाऱ्याने पत्रा वाजायला लागला की बाई बोलायच्या थांबायच्या. तर सकाळी प्रार्थनेआधी रांग लागायची आणि एकेक बाटली पट्ट्यावर टाकलेल्या गोणपाटावर रिकामी व्हायची. बारकी पोरं उंची पुरत नाही म्हणून दगडावर चढायची. पंधरा दिवस तो पट्टा सुकला नाही. इथे साइटवर मोटर असून पाणी मारायला माणसाच्या मागे लागावं लागतं.

आता एक मनात साचलेलं.

दुरून, विमानाने आलेल्या तरुणांचे गट अधूनमधून यायचे. मनाने फार चांगली पोरं. गावात मिसळायची, ढिंडो आणि गुन्द्रुक (आंबवून वाळवलेला पाला) आवडीने खायची. (ढिंडो म्हणजे नागलीच्या किंवा मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाण्याचा माणूस तिथे उपाशी राहणार नाही.) पण त्यांना भिंतीवर काम हवं असायचं, कारण शाळा बांधायला म्हणूनच ती आलेली. एका गटाने दिवसभर रचलेला थर दाइंनी दुसऱ्या दिवशी पहाटे, ती पोरं उठायच्या आत, काढून पुन्हा लावला. कुणाला बोलले नाहीत. ज्या पोरांनी घाम गाळला त्यांचं मन त्यांनी राखलं, आणि भिंतही राखली.

मला मात्र हे बोलायला हवं असं वाटतं. शाळेची भिंत ही हात बसवून घ्यायची जागा नाही. ज्याला गवंडीकाम येत नाही त्याने वाळू वाहावी, पाणी मारावं, सळईचे पैसे द्यावेत. विमानाच्या एका तिकिटात तिथल्या शिकलेल्या डकर्मीची बरीच मजुरी निघते. आणि जायचंच असेल तर आपल्याला येणारं काम घेऊन जावं: सुताराने सुतारकाम, इलेक्ट्रिशियनने वायरिंग, शिक्षकाने शिकवणं. मी तिथे उपयोगी पडले ती सळई, रिंगा आणि काँक्रीटचं प्रमाण तपासण्यापुरती. तेवढं मला येतं. दगडाचं दाइंना माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळत होतं आणि आहे.

२७ एप्रिल

निघताना आईने विचारलं होतं, "आपल्या पेठ-सुरगाण्याच्या शाळा संपल्या का गं, म्हणून तिकडे चाललीस?" आज जेवताना तिला आठवण करून दिली. ती म्हणाली, "मग? अजून विचारते."

तिचं बरोबर आहे, आणि मी गेले तेही बरोबर होतं असं मला वाटतं. आईचे आजोबा निफाडकडच्या खेड्यातून नाशिकला शिकायला आले ते उदाजी मराठा बोर्डिंगच्या जोरावर. १९१४ साली मराठा विद्या प्रसारक समाज उभा राहिला तो लोकवर्गणीतून. शेतकऱ्याच्या पोराला शहरात डोकं टेकायला जागा हवी म्हणून ज्यांनी दिलं, त्यांच्यातल्या किती जणांची पोरं तिथे राहिली असतील? आमच्या घरात शिक्षण आलं ते असं, ओळखपाळख नसलेल्यांच्या पैशावर. ते फेडायचं तर हिशेब तालुक्याच्या हद्दीवर का थांबावा.

पण परत आल्यावर इथल्या शाळांकडे माझी नजर बदलली, हे आईच्या प्रश्नाचं खरं उत्तर. आता कुठल्याही गावात गेले की आधी शाळेच्या छपराखालचा त्रिकोण बघते. दोन उतारांच्या छपराला दोन्ही टोकांना भिंतीचा जो त्रिकोण असतो तो दगडाचा किंवा विटांचा, वर कशालाच न बांधलेला असेल, तर हादऱ्यात तो सगळ्यात आधी कोसळतो, आणि अनेकदा दारापुढेच. दार आत उघडतं का बाहेर, हे बघते. मोठ्या वर्गाला दुसरं दार आहे का, हे बघते.

नाशिकला कुठला आलाय भूकंप, असं लोक म्हणतात. किल्लारी त्या वेळच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या भागात होतं. २००२ च्या नकाशात नाशिक तिसऱ्या श्रेणीत आहे, म्हणजे मध्यम धोक्याच्या. कळवणच्या दळवट भागातले सौम्य धक्के इथल्या माणसांना नवीन नाहीत. दिंडोरी रोडवरच्या मेरी या सरकारी अभियांत्रिकी संशोधन संस्थेतली यंत्रं त्यांची नोंद ठेवतात. शेजारी पालघरात डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची मालिका सुरू झाली तेव्हा लोक थंडीत घराबाहेर झोपले. मला कुणाला घाबरवायचं नाही. पत्र्याचे चार तुकडे, थोडी सळई आणि दोन दिवसांचं काम, एवढ्यात जे टळतं ते राहून जाऊ नये, इतकंच.

२९ एप्रिल

सुरगाण्याच्या एका पाड्यावरच्या शाळेचे गुरुजी दोन वर्षांपासून म्हणत होते, येऊन बघा. फेब्रुवारीत जाऊन आले. दोन खोल्या, दगडाच्या भिंती, वर कौलं. भिंतीला पोट नाही, पाया चांगला. टोकाचे दोन्ही त्रिकोण मात्र दगडाचे, आणि एक तर आत झुकलेला. आवश्यक त्या परवानग्या गुरुजींनी आणि शाळा व्यवस्थापन समितीने मिळवल्या. इमारतीला हात लावायचा तर कागद आधी हवा, त्यात घाई करून चालत नाही.

त्रिकोण उतरवायचे, लाकडी चौकटीवर पत्रा बसवायचा, छपराखाली पट्टा फिरवायचा आणि वासे त्याला बांधून घ्यायचे. खर्चाचा निम्मा भाग पाड्याने उचललाय, आंबे आणि मजुरीच्या पैशांतून. बाकीचा आमच्या साइटवरच्या लोकांनी. सिन्नरचे मिस्त्रीमामा येणार आहेत. दगडात त्यांचा हात धरणारा माझ्या ओळखीत कुणी नाही. परवा त्यांना दाइंच्या चुन्याच्या खुणांचं सांगितलं तर म्हणाले, "शहाणा माणूस आहे. आपण पण करू."

काल दाइंच्या नातीचा फोन आला होता. ती त्याच शाळेत शिकली, आता गोरखा बाजारात ओव्हरसियरचा कोर्स करते. तिला पट्ट्याच्या कोपऱ्यात सळई कशी वळवायची ते नीट कळत नव्हतं. कागदावर काढून फोटो पाठवला. तिने दुरुस्त करून तिचा परत पाठवला. एका कोपऱ्यात सळईचा आतला वाक कमी पडत होता, तेवढं सांगितलं. बाकी बरोबर होतं.

मुलांची परीक्षा संपली, वर्ग रिकामे झाले की सुरुवात. पाऊस तिकडे जूनच्या पहिल्या आठवड्यातही येतो, म्हणून कौलं २५ मेच्या आत परत चढायला हवीत. सिमेंट पेठहून घ्यायचं, वाळू गावातून मिळेल. नाशिकहून न्यायची ती १० आणि १२ मिलिमीटरची सळई, बांधणीची तार, पत्र्याचे स्क्रू, दोन ओळंबे. चुना घ्यायचा आहे. दारांचे बिजागर बदलून ती बाहेर उघडतील अशी करायची, ते गुरुजींना आजच सांगून ठेवलं.