नववीच्या वर्गातली रबरी बाई

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा विद्यालयातून फोन आला, तेव्हा मला विषय शोधावा लागला नाही. स्नेहसंमेलने, सहली, नाटके यांवर माझे वर्गमित्र लिहितीलच. मला लिहायचे आहे ते प्रयोगशाळेशेजारच्या खोलीत चटईवर निजवलेल्या रबरी बाईविषयी.

प्रथमोपचाराच्या वर्गासाठी पी.टी.च्या सरांनी हा पुतळा कुठूनतरी मागून आणला होता. श्वास आणि हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबायचा आणि त्याला तोंडाने श्वास द्यायचा सराव त्यावर करायचा होता. मिटलेले डोळे, ओठांवर पुसटसे हसू, गालावरचा रंग स्पिरिटने पुसून पुसून उडालेला. आम्ही मुली भिंतीला चिकटून उभ्या. सरांनी गुडघे टेकले, छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्यावर तळहात ठेवला, त्यावर दुसरा. ‘कोपर ताठ. जोर दंडाचा नव्हे, अंगाचा.’ दाब पुरेसा खोल गेला की आतून ‘कट्’ असा आवाज यायचा. माझ्या हाताखाली तो आवाज आला, तेव्हा छाती किती दाबावी लागते हे मला पहिल्यांदा कळले. पुस्तकातल्या आकृतीवरून ते कळले नसते.

त्या चेहऱ्याची गोष्ट मला पुढे नर्सिंगला असताना कळली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या सीन नदीत एका अनोळखी मुलीचा मृतदेह सापडला आणि तिच्या चेहऱ्याचा साचा घेतला गेला, असे सांगतात. नॉर्वेतले खेळणी बनवणारे आसमुंड लेर्डाल यांनी तोच चेहरा 1960 मध्ये आपल्या पुतळ्याला दिला. त्यांनी स्वतःचा लहान मुलगा बुडताना वाचवला होता. तोंडाने श्वास देण्याच्या पद्धतीवर संशोधन करणारे डॉ. पीटर साफार यांनी छातीत स्प्रिंग बसवा असे सुचवले, म्हणून ती छाती दाबून सराव करता येतो.

आम्ही शिकलो तेव्हा 15 दाबांनंतर 2 श्वास द्यायचे; 2005 पासून मोठ्या माणसासाठी 30 दाब आणि 2 श्वास असे झाले. आता मिनिटाला 100 ते 120 दाब, 5 ते 6 सेंटिमीटर खोल, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. हे शेवटचे सगळ्यांत जास्त विसरले जाते. छाती वर आली नाही तर हृदयात रक्त भरत नाही, मग पुढच्या दाबाने जाणार काय? दोन मिनिटांत माणूस दमतो, म्हणून शेजारच्याला जागा द्यायची.

एका जत्रेत प्रसादाच्या रांगेत एक गृहस्थ कोसळले. श्वास नाही. लोक पाणी शिंपडत होते, कुणी कांदा शोधत होते. मी एकाला 108 ला फोन करायला सांगितले आणि गुडघे टेकले. काही दाबांतच बरगडी मोडल्याचे हाताला जाणवले, पण हात थांबले नाहीत. रुग्णवाहिका येईपर्यंत मी आणि एक तरुण आळीपाळीने दाब देत राहिलो. तो कॉलेजात हेच शिकला होता. त्या गर्दीत पुतळ्यावर हात बसलेले आम्ही दोघेच होतो.

किनाऱ्यांवर जीवरक्षक असतात. गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या ओहोळांवर, पावसाने भरलेल्या चिऱ्यांच्या खाणींवर कोण असतो? पोरे असतात, आणि बाहेर काढणारा त्यांचाच मित्र असतो. बुडालेल्या माणसाला आधी श्वास हवा असतो, कारण त्याचा प्राणवायूच संपलेला असतो. हे त्या मित्राला माहीत असले पाहिजे, आणि मेंदूला इजा व्हायला चारेक मिनिटेही पुरतात.

म्हणून आमच्या तुकडीने महोत्सवानिमित्त विद्यालयाला दोन पुतळे द्यायचे ठरवले आहे, एक मोठ्या माणसाचा, एक तान्ह्या बाळाचा. बाळाच्या छातीवर दोन अंगठ्यांनी दाब देतात, तेही हातांनी करूनच समजते. शिकवायला मी येईन. नववी-दहावीची मुले, पालक, बसचे चालक, मधल्या वेळचा आहार करणाऱ्या ताई, सगळ्यांनी यावे. नावे कार्यालयात द्या. चटया आम्ही आणू.