एक प्रश्न, एकच उत्तर : आमची वाटचाल

वर्धा जिल्ह्यात आर्वीपासून पुलगावपर्यंतच्या गावांमध्ये गणपतीत, शारदोत्सवात किंवा ग्रामजयंतीला (तुकडोजी महाराजांच्या जयंतीला) सामान्य ज्ञानाची स्पर्धा झाली आणि भांडणाशिवाय पार पडली, तर तो प्रश्नसंच बहुतेक आमचा असतो. आम्ही प्रश्न विकतो. या भागात हा धंदा आमच्याआधी कोणी केलेला नव्हता, हे मी अभिमानाने सांगतो.

सुरुवात 1988 साली शाळांच्या चाचणी परीक्षांचे पेपर काढण्यापासून झाली. एक जुनं सायक्लोस्टाईल मशीन (मेणाच्या कागदावरून प्रती काढणारं) आणि एक मराठी टाइपरायटर एवढंच भांडवल होतं. टाइपरायटरची रिबिन बाजूला सारायची, मेणाचा स्टेन्सिल चढवायचा आणि प्रत्येक अक्षर सारख्या जोराने मारायचं. जोर कमी पडला तर अक्षर उमटत नसे, जास्त झाला तर ‘ठ’ आणि ‘व’ यांच्या गोलातला तुकडाच गळून पडे. मग करेक्शनचं औषध लावा, वाळू द्या, पुन्हा मारा. त्या मशीनची एक शिस्त होती. स्टेन्सिल वाया जाण्याच्या भीतीने माणूस टाइप करण्याआधी उत्तर तपासून घ्यायचा. आजच्या कॉम्प्युटरवर ती भीती राहिली नाही, आणि स्पर्धांमधले निम्मे वाद तिथूनच निघतात.

पेपर छापता छापता मंडळं विचारू लागली, ‘भाऊ, गणपतीसाठी शंभर प्रश्न काढून देता का?’ त्यातून प्रश्नांची कार्डं सुरू झाली. समोर प्रश्न, मागे उत्तर, दोन वेगवेगळे आधार आणि ज्या दिवशी तपासलं ती तारीख. तारखेशिवाय कार्ड पेटीत जात नाही, हा नियम पहिल्यापासून आहे. महाराष्ट्रात जिल्हे किती, एवढा साधा प्रश्न घ्या. आम्ही सुरू केल्यावर 1990 मध्ये मुंबई उपनगर वेगळा झाला आणि 31 झाले. 1 जुलै 1998 ला वाशीम आणि नंदुरबार आले, 33 झाले. 1 मे 1999 ला गोंदिया आणि हिंगोली, म्हणजे 35. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर, आणि 36. हे कार्ड आम्ही दर वेळी त्याच आठवड्यात बदललं.

बझर आमच्या भागीदाराने बनवला. तो रेडिओ दुरुस्त करायचा, सगळे त्याला मिस्त्रीच म्हणत. चार रिले (विजेने ओढले जाणारे स्विच), चार रंगांचे बल्ब, एक घंटी आणि सागवानाची पेटी. ज्या संघाचं बटण आधी दाबलं जाईल त्याचा रिले ओढला जातो आणि बाकी तिघांची लाइन तोडतो. पंचाने कितीही डोळे फाडून पाहिलं तरी कोणाचा हात आधी पडला हे कळत नाही, पेटीला कळतं. लोडशेडिंगच्या दिवसांत ती ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालली. आज बाजारात वायरलेस बझर मिळतात. घेऊ नका. ऐन फेरीत सेल उतरतो आणि पोरांचा विश्वास उडतो तो परत येत नाही.

3 जुलै 2000 ला टीव्हीवर ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झालं आणि त्या गणपतीत प्रत्येक मंडळाला चार पर्यायांचे प्रश्न हवे झाले. आम्ही ऑफसेट मशीन हप्त्यावर घेतलं. पुढची काही वर्षं चांगली गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचं आहे ते 2006 चं. त्या वर्षी गणपती 27 ऑगस्टला, रविवारी बसणार होते. संच छापून, पाकिटं सील करून पंधरा दिवस आधीच तयार होती. एका मंडळाच्या अध्यक्षांनी ‘आम्हाले आधीच पायजे, सरावाले’ असा हट्ट धरून त्यांचं पाकीट लवकर नेलंही होतं. शुक्रवारी सकाळी दुकानाचा फोन वाजला. पलीकडे काकाजी होते.

काकाजींबद्दल लिहिल्याशिवाय ही वाटचाल पूर्ण होणार नाही. ते आमच्या शेजारच्या गावातल्या ‘क’ वर्ग वाचनालयाचे ग्रंथपाल. आमचा पहिला प्रश्नसंच त्यांनी घेतला आणि जिवंत असेपर्यंत दर वर्षी घेतला. उधारी कधीच केली नाही. संच हातात आला की आधी सगळी उत्तरं स्वतः वाचनालयातल्या पुस्तकांशी पडताळायचे. त्या सकाळी ते म्हणाले, ‘भाऊ, पेपर वाचला काय? प्लुटो गेला. आता आठच ग्रह हायेत म्हणते.’

आदल्या दिवशी, 24 ऑगस्टला, प्राग शहरात आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेने ग्रहाची व्याख्या ठरवली होती. सूर्याभोवती फिरायला हवं, स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने गोल झालेलं असायला हवं आणि आपल्या कक्षेचा परिसर मोकळा केलेला असायला हवा. प्लुटो तिसऱ्या अटीत बसेना, म्हणून 1930 मध्ये शोध लागल्यापासून चालत आलेलं नववं स्थान गेलं. आमच्या संचात सूर्यमालेतल्या ग्रहांची संख्या विचारली होती आणि उत्तर 9 होतं. छापलं त्या दिवशी ते बरोबर होतं.

शुक्रवारी आणि शनिवारी आम्ही चिठ्ठ्या छापल्या. दोन पोरं मोटारसायकलवर गावोगाव पाठवली. जिथं पाकीट पोहोचलं होतं तिथं ते मंडळाच्या सचिवासमोर उघडायचं, उत्तरावर चिठ्ठी चिकटवायची, सही घ्यायची आणि पुन्हा सील करायचं. एकही मंडळ राहिलं नाही. लवकर नेलेल्या पाकिटालाही चिठ्ठी लागली, फक्त त्याचं सील आधीच फुटलेलं होतं.

सातव्या दिवशी दुसऱ्या एका गावात स्पर्धा होती. तिथला संच आमचा नव्हता. तालुक्याला नवीन निघालेल्या एका अकॅडमीने आमच्या निम्म्या दरात तो दिला होता. काकाजी तिथं पाहुणे होते. ग्रहांचा प्रश्न आला. एका पोराने बटण दाबून ‘आठ’ सांगितलं. पंचाने कागद पाहिला, ‘चूक, नऊ’ म्हणाला आणि गुण दुसऱ्या संघाला दिले. तेवढ्याच गुणांनी त्या पोरांचा संघ हरला. काकाजींनी उठून संच मागून घेतला. प्रश्नांचा क्रम आमचा, शब्द आमचे, कंसातल्या सूचनासुद्धा आमच्या. चिठ्ठी लागण्याआधीच्या आमच्या पाकिटाची ती झेरॉक्स होती.

चोरी उघडी पडली म्हणून लोक आमच्या बाजूने उभे राहतील असं कोणालाही वाटेल. झालं उलट. अकॅडमीवाल्याने गावागावात सांगितलं की संच मूळचा आमचाच, म्हणून चुकीचं उत्तरही आमचंच. सह्या घेतलेले कागद मी घेऊन हिंडलो. कोणी वाचले नाहीत. पुढच्या वर्षी निम्म्याहून जास्त मंडळं त्याच्याकडे गेली. मशीनचे हप्ते थकले, बँकेची नोटीस आली. मिस्त्रीने बायकोची पोत गहाण ठेवून दोन हप्ते भरले. मला ते नंतर कळलं. त्या अकॅडमीचा बोर्ड आता तिथं नाही. त्या माणसाने आजवर एका शब्दाने काही कबूल केलेलं नाही, आणि समोर आला तर मी आजही त्याला नमस्कार करत नाही.

वकिलाकडे गेलो तेव्हा ते म्हणाले, माहितीवर कोणाचीच मालकी नसते. निवड आणि मांडणी तुमची म्हणता येईल, पण त्यासाठी वर्षानुवर्षं खेटे घालावे लागतील. पुढे माझ्या वाचनात आलं की अमेरिकेत फ्रेड वर्थ नावाच्या माणसाने आपल्या माहितीकोशात मुद्दाम एक खोटी गोष्ट पेरली होती, टीव्हीवरच्या डिटेक्टिव्ह कोलंबोचं पहिलं नाव फिलिप म्हणून. ती ‘ट्रिव्हियल पर्स्यूट’ या खेळाच्या कार्डांत जशीच्या तशी निघाली. 1984 साली त्याने 30 कोटी डॉलरचा दावा लावला आणि तो हरला, कारण तेच : तथ्यावर मालकी नसते. मला लोक सुचवतात की तुम्हीही एखादा खोटा प्रश्न पेरा. आम्ही पेरत नाही. स्टेजवर उभ्या असलेल्या पोराचे गुण त्यात जातात.

आम्हाला उभं केलं ते काकाजींनी. इंग्लंडमध्ये सत्तरच्या दशकापासून पबमधल्या रिकाम्या संध्याकाळी भरण्यासाठी क्विझ लीग चालतात : चार-चार जणांचे संघ, एक सामना आपल्याकडे, एक त्यांच्याकडे, हंगामभर गुणांचा तक्ता. हे त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. आपल्या जिल्ह्यात कित्येक वर्षांपासून दारूबंदी, तेव्हा पबचा प्रश्नच नव्हता. ते म्हणाले, ‘आपल्याइथं वाचनालयं हायेत ना. रात्री आठनंतर रिकामीच असतात.’ त्यांनी आसपासच्या वाचनालयांना पत्रं लिहिली, हंगामाचे पैसे आगाऊ गोळा केले आणि माझ्या हातात दिले. कापूस घरात आल्यावर सुरू होणारी आणि उन्हाळ्याआधी संपणारी ही लीग आजही चालते. शेतकरी, शिक्षक, एसटीचे कंडक्टर, कॉलेजची पोरं एका टेबलावर बसतात.

नवीन प्रश्न काढणाऱ्यांना थोडं सांगतो. भारताचा राष्ट्रीय खेळ विचारू नका. कुठलाही खेळ तसा अधिसूचित नाही, हे सरकारनेच 2012 मध्ये माहिती अधिकारात सांगितलेलं आहे, तरी दर 15 ऑगस्टला ‘हॉकी’ला गुण मिळतात. राष्ट्रभाषा विचारू नका. संविधानाच्या कलम 343 मध्ये हिंदी ही संघाची राजभाषा आहे. जगातली सर्वांत लांब नदी टाळा, नाईल की ॲमेझॉन हे मोजणाऱ्यावर ठरतं. एव्हरेस्टची उंची विचारायची तर 2020 ची, 8848.86 मीटर, असं प्रश्नातच लिहा. आणि आपल्या मातीतलं विचारा. वर्धा आणि वैनगंगा मिळून पुढे कोणती नदी होते? प्राणहिता. वर्धा नदीच्या काठावर जन्म काढलेले संघ इथं अडलेले मी पाहिले आहेत. सेवाग्रामचं जुनं नाव काय? शेगाव, बुलढाण्याच्या शेगावशी टपालात घोटाळा व्हायचा म्हणून 1940 मध्ये बदललं. असा प्रश्न आला की मागे बसलेली म्हातारी माणसंसुद्धा पुढे सरकतात.

गणपतीसाठी संच हवा असेल तर नागपंचमीच्या आधी कळवा. पाकीट आता आमचा माणूस स्पर्धेच्या संध्याकाळी स्वतः घेऊन येतो आणि ते सगळ्या संघांसमोर फोडलं जातं. सरावासाठी जुने संच आम्ही फुकट देतो, पण त्या दिवसाचं पाकीट कुठल्याही अध्यक्षांनी आधी मागू नये. मिळणार नाही.