मेकॅनिकपुढे एकदम शहाणी

पूर्ण बंद पडलेली गाडी परवडली. टोचन करा, गॅरेजला न्या, काय गेलंय ते शोधा, बदला, विषय संपला. पण जी गाडी मध्येच बंद पडते आणि अर्ध्या तासाने काही झालंच नाही अशा थाटात पहिल्या सेल्फला चालू होते तिचं काय करायचं? आणि गॅरेजमध्ये नेली की हटकून गुणी होते, मेकॅनिक ट्रायल मारून येतो, हात पुसत म्हणतो "काही नाही ओ, मस्त पळतीय", आणि दवाखान्यात शिरताच पोट दुखायचं थांबलेल्या पोरासारखं तोंड करून आपण तिथे उभे.

आमची पेट्रोल हॅचबॅक 2007 ची आहे. पंधरा वर्षं झाल्यावर पर्यावरण कर भरून, आरटीओत पासिंग करून पुढच्या पाच वर्षांसाठी रजिस्टर करून घेतलेली, त्यामुळे घरात तिच्यावरून सरळ दोन गट आहेत आणि मी अर्थातच तिच्या बाजूचा. तर ही बया उन्हाळ्यात बंद पडायला लागली. पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकीचा घाट चढला, पलीकडे चहाला थांबलो, की नंतर सेल्फ फिरतोय छान पण इंजिन पकडत नाही. कधी चालता चालताच गप्प. साताऱ्याहून परत येताना मात्र घाट चढायचाच नाही, बोगद्यातून येतो, तर येताना कधी काही नाही. पावसाळ्यात तर कधीच नाही. आता हे सगळे पुरावे होते, फक्त ते कुणी विचारत नव्हतं.

कारण आपल्याकडे निदान म्हणजे "बदलून बघू". आधी प्लग बदलले. मग पेट्रोल फिल्टर, कारण "पंपावरच्या पेट्रोलमध्ये कचरा येतो हल्ली". मग प्लगला ठिणगीचा करंट देणारा इग्निशन कॉईल. प्रत्येक वेळी गाडी आठवडाभर नीट चालायची, तशी ती न बदलताही चालली असती, पण त्यामुळे प्रत्येक पार्टला तेवढ्यापुरतं श्रेय मिळून जायचं. मधूनच येणाऱ्या फॉल्टची ही खरी गंमत आहे, काहीही केलं तरी थोडे दिवस बरं वाटतं. अगदी गाडी धुतली तरी.

स्कॅनर लावून झाला. कोड नाही, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने कुठल्याच बिघाडाची नोंद केलेली नाही. चेक इंजिनचा दिवा पण नाही. ओबीडी, म्हणजे गाडीने स्वतःचे बिघाड स्वतःच नोंदवायची सोय, आपल्याकडे सक्तीचं झालं ते बीएस 4 (प्रदूषणाच्या भारत स्टेज 4 नियमांतल्या) गाड्यांना, 2010 पासून पहिला टप्पा आणि 2013 पासून दुसरा, त्याच्या आधीच्या गाड्या स्कॅनरशी बोलतात पण तुटक, विचारलं तेवढंच. आणि नव्या गाडीचाही स्कॅनर काही अंतर्ज्ञानी नसतो हे लोक विसरतात. तो वायर तुटली, सिग्नल रेंजच्या बाहेर गेला, सिलिंडर मिसिंग मारतोय हे सांगेल, पण "हा पार्ट बदला" असं तो कधीच म्हणत नसतो, ते आपण त्याच्या तोंडी घालतो.

शेवटी ज्याने शोधलं तो ऑटो इलेक्ट्रिशियन, वयाने साठीच्या पुढचा, आणि त्याने पहिल्यांदा बॉनेट उघडलंच नाही. स्टुलावर बसवलं आणि विचारत सुटला. "साहेब, बंद पडती तेव्हा आचके देती का फाटकन मरती?" फाटकन. "चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालनं पंपाचा आवाज येतो का, दोन सेकंद, घुंईऽऽ असा?" येतो. "टाकीत पेट्रोल कमी असलं की जास्त करती का?" नाही, टाकी फुल असतानाही पडलीय. "आणि चालू होत नसताना सेल्फ मारला तर आरपीएमचा काटा हलतो का?" हे मात्र बघितलंच नव्हतं, असलं कोण बघतं?

या चार प्रश्नांत निम्मी गाडी तपासून झाली होती हे मला नंतर कळलं. पेट्रोलचा पंप जायला लागला की गाडी आधी आचके देते, पिकअप जातो, आणि तो पंप टाकीतल्या पेट्रोलनेच थंड राहत असल्याने टाकी रिकामी होत आली की गरम होऊन जास्त कुरकुरतो. आपली तर बटण बंद केल्यासारखी मरते, म्हणजे स्पार्क आणि पेट्रोल दोन्ही एकदम जातंय, आणि दोन्ही एकदम बंद करू शकणाऱ्या गोष्टी गाडीत मोजक्याच असतात. रिले (करंट चालू-बंद करणारा स्विच), अर्थिंग, ईसीएमचा म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरचा सप्लाय, नाहीतर क्रँक सेन्सर. पुढच्या वेळी बंद पडली (या वेळी मी वाटच बघत होतो, घाटात इतका आनंद कुणाला झाला नसेल) तेव्हा सेल्फ मारून बघितलं, काटा शून्यावर ढिम्म. म्हणजे संशय क्रँक सेन्सरवर, कारण इंजिन फिरतंय ही खबर तिथूनच येते.

आमच्या गाडीतला क्रँक सेन्सर म्हणजे लोहचुंबकावर गुंडाळलेली बारीक तांब्याची तार, इंजिन फिरतंय का, किती जोरात आणि पिस्टन कुठे आहे हे ती ईसीएमला सांगते. जुनी झाली की ती तार आत कुठेतरी चिरते, थंड असताना टोकं चिकटलेली, गरम झाल्यावर प्रसरण पावून सुटलेली. चहाला थांबल्यावरच का व्हायचं तेही इथे कळलं, इंजिन बंद केलं की ते थंड ठेवणारं पाणी फिरायचं थांबतं आणि बॉनेटखालची उष्णता थोडा वेळ उलट वाढते. आणि कोड का येत नव्हता? सिग्नल गेला की आमच्या ईसीएमचा समज असा, की इंजिन बंद आहे. बंद इंजिन हा काही फॉल्ट नव्हे, मग कशाची नोंद करायची? सरकारी ऑफिसात जिवंत माणसाला हयातीचा दाखला मागतात त्याच्या बरोब्बर उलटं.

इलेक्ट्रिशियनने सेन्सर काढला, मल्टीमीटर लावला, तारेच्या रेझिस्टन्सचा आकडा अगदी बरोबर. मग आत जाऊन बायकोचा हेअर ड्रायर घेऊन आला (आतून "जाळू नका हां" असा आवाज आला), सेन्सरवर गरम हवा मारत बसला, आणि आकडा हळूहळू वर सरकत सरकत एकदम गायब. ड्रायर बंद, फुंकर मारली, थोड्या वेळाने आकडा परत हजर. त्याने काही न बोलता मीटर माझ्याकडे वळवून दाखवला.

मला पटत नाही ते बिलाचं. बिलात सेन्सरची किंमत होती, बसवायचं लेबर होतं, शोधण्याचं काहीच नव्हतं. आधीच्यांनी प्लग, फिल्टर, कॉईल लावून प्रत्येक पार्टवर पैसे कमावले आणि याने डोकं चालवलं त्याला रकाना नाही, मग पुढचा मेकॅनिक कशाला प्रश्न विचारत बसेल? मी म्हणलं मामा, चेकिंगचे वेगळे लावा. तर तो म्हणाला, "बघण्याचे कसले पैसे घ्यायचे साहेब?" बरीच ओढाताण झाल्यावर त्याने लेबरच्या आकड्यात थोडी वाढ केली आणि आधीच्या मेकॅनिकने काढलेला जुना इग्निशन कॉईल, जो ठणठणीत होता, तो डिकीत ठेवून दिला.