दांडा निघता निघेना

गोल्फ मला येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझा चेंडू झाडीत जातो आणि मी मागे ताटकळलेल्या मंडळींची माफी मागतो. तरी ओहायोतल्या आमच्या गराजमध्ये भिंतीला टेकून बावीस काठ्या उभ्या आहेत. मैदानावर पिशवीत १४ च्या वर नेता येत नाहीत; गराजला असा काही नियम नाही. शनिवारी सकाळी कुणी ना कुणी अंगणात जुनं सामान विकायला मांडतं, त्यात या काठ्या दोन-तीन डॉलरला मिळतात. एकीचं हेड चांगलं असतं पण दांडा गेलेला, दुसरीचा दांडा झकास आणि हेडला पोचे. हिचं डोकं तिच्या धडावर बसवलं की झाली नवी काठी. गणपतीची गोष्ट ऐकत वाढलेल्या माणसाला यात अवघड काय वाटणार?

अवघड आहे ते डोकं धडापासून सोडवणं. हेडच्या वर एक आखूड नळी असते, तिला होझल म्हणतात. शाफ्ट, म्हणजे आपला दांडा, तिच्यात जेमतेम सव्वा इंच आत गेलेला असतो. पण इपॉक्सी नावाच्या गोंदाने असा धरलेला, की ताशी नव्वद मैलांचा फटका बसला तरी हलत नाही. इपॉक्सी ताकदीला जुमानत नाही, आचेला जुमानते. दांडा स्टीलचा असेल तर होझल तापवा, व्हाइसमध्ये आवळा, पिळा, निघाला. ग्रॅफाइटचं तसं नाही. त्यातले कार्बनचे धागे ज्या रेझिनमध्ये बांधलेले असतात तीही बहुधा इपॉक्सीच. ज्या आचेने गोंद सुटतो तीच आच दांड्यालाही उसवते, आणि वर पिळलात तर टोक चावलेल्या दातणासारखं होतं. म्हणून आच बेताची आणि ओढ अगदी सरळ रेषेत.

आमच्या गावी कुऱ्हाडीचा दांडा मोडला की लाकडाचा तुकडा पात्याच्या भोकात अडकून बसायचा. शेजारच्या एकाने कंटाळून कुऱ्हाड सरळ चुलीत घातली. लाकूड जळून गेलं, आणि पात्याचं पाणीही उतरलं. नंतर वर्षभर ती बाभळीला नुसती चाटायची. आजोबा मात्र भोकाच्या दुसऱ्या बाजूने लोखंडाचा तुकडा लावून हळूहळू ठोकत बसायचे. गोल्फच्या हेडला ती दुसरी बाजू सहसा नसते. भोक आंधळं. जुन्या हिकरीच्या लाकडी दांड्यांना होझलमधून आरपार खिळा मारलेला असे, तो काढला की निम्मं काम व्हायचं. पण अमेरिकेतल्या गोल्फ संघटनेने १९२४ मध्ये स्टीलला परवानगी दिली आणि लाकडाचे दिवस भरले.

माझं पहिलं यंत्र गाडीच्या जॅकचं होतं. दांडा दोन लाकडी ठोकळ्यांत आवळला, जॅक त्याच्या शेजारी लावला, होझलला खालून रेटा दिला. जॅक एकाच बाजूला, म्हणजे रेटाही एकाच बाजूला. कर्र असा आवाज आला. तो आवाज मला अजून ओळखता येतो.

दुसऱ्या यंत्रावर तीन रविवार गेले. मेपलच्या ठोकळ्याला उभं भोक पाडून तो मधोमध चिरला, आत सायकलची जुनी ट्यूब चिकटवली. दांडा घट्ट बसतो आणि चिरडत नाही. समोर जाड लोखंडी पट्टी, तिला दांडा मावेल एवढी खाच. ठोकळा आणि पट्टी यांच्यामध्ये, दांड्याच्या दोन्ही अंगांना एकेक लांब बोल्ट. नट फिरवला की पट्टी होझलला पुढे ढकलते. अर्धा फेरा डावीकडे, अर्धा उजवीकडे, आणि मध्ये हीट गनने होझलला सगळीकडून शेक. त्याआधी होझलच्या तोंडाशी असलेलं प्लास्टिकचं कडं, मुसळाच्या टोकाला लोखंडी असतं तसं, पात्याने कापून टाकायचं. गराजचं दार उघडं ठेवायचं, कारण करपलेल्या इपॉक्सीचा वास घरात शिरला तर गोल्फच बंद होईल.

"विकत नाही का मिळत हे?" ही दारातून विचारते. मिळतं. ठोकळे, बोल्ट आणि तो मोडलेला दांडा यांचा हिशेब मी अजून तिला दिलेला नाही.

पहिल्यांदा यश आलं तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. नट एकाएकी हलका फिरला आणि पट्टी सरकली. दांड्याच्या टोकाला काळपट गोंद, त्यात साखरेच्या कणांसारखे काचेचे बारीक मणी. दांडा भोकात मधोमध बसावा म्हणून ते गोंदात मिसळतात. आणि दांड्याच्या पोकळीत पितळेचं छोटं बूच. हेडकडच्या टोकाला दोन ग्रॅम वाढले तरी काठीचा तोल मोजणीत एका अंकाने सरकतो, त्यासाठीचं हे वजन. ते एका बाजूने कानशीने घासून कमी केलेलं होतं, हाताने, जरा तिरकं. कारखान्यात असं कोण करत बसेल?

ती काठी मी एका वृद्ध गृहस्थांच्या अंगणातून घेतली होती. दोन डॉलर खिशात घालताना त्यांनी एवढंच विचारलं होतं, "खेळता का?"

मी हो म्हणालो होतो.