तुम्ही विचारलंत म्हणून: चिंध्यांच्या पिशवीचे ३९० रुपये कसले?

सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत, होम मैदानावर चार वर्षांपासून आमचा छोटा स्टॉल असतो. संक्रांतीच्या त्या दिवसांत एकच प्रश्न मला रोज वीसेक वेळा ऐकू येतो. बायका पिशवी हातात घेतात, उलटीसुलटी करून बघतात, आतला कप्पा चाचपतात, "छान शिवलीय हो" म्हणतात. मग चिठ्ठीवरची किंमत वाचतात आणि पिशवी हळूच खाली ठेवून विचारतात, "चिंध्यांचीच ना ही? मग ३९० कसे?"

नातेवाइकांत हाच प्रश्न, फोनवर हाच प्रश्न. गर्दीत मी "हाताचं काम आहे" एवढंच सांगते आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळते. ते उत्तर अर्धवट आहे. तुम्ही मनापासून विचारलंत, तर पूर्ण हिशेब तुम्हाला मिळायला हवा.

सोलापुरात कापडाला तोटा नाही. पूर्व भागातल्या कुठल्याही बोळात शिरा, मागाची खडखड ऐकू येतेच. चादरी, टॉवेल, नॅपकिन ही तर आपली ओळख. त्यात आता शाळांच्या गणवेशाचं काम मोठं झालंय. जिथे एवढं कापड कापलं जातं तिथे कात्रणही पोत्यांनी निघतं. शाळा जूनमध्ये उघडतात, म्हणून फेब्रुवारीपासून मेपर्यंत कटिंगची टेबलं रात्रंदिवस चालतात आणि तेव्हा माल भरपूर मिळतो. पावसाळ्यात मात्र शोधत फिरावं लागतं. पुष्कळांना वाटतं की हा कचरा आम्हाला फुकट मिळत असेल. तसं नाही. कात्रणाला आधीपासून गिऱ्हाईक आहे. कारखान्यात यंत्रं पुसायला ते जातं, गाद्या-उशांत भरायला जातं. मी किलोला ३५ रुपये मोजते.

आता दहा किलोचं एक पोतं माझ्याबरोबर उघडून बघा. वरून निळ्या-पांढऱ्या चौकड्या दिसतात, मन हरखतं. हात आत घातला की दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या, कॉलरचे अर्धचंद्र, तेलाचे डाग पडलेले तुकडे, तुटकी चेन, खडूची धूळ, एखादा चहाचा कागदी कप. त्या दहा किलोतून पिशवीच्या कामाचे चार किलो निघाले तर दिवस चांगला गेला म्हणायचं. म्हणजे ३५ रुपयांचं कापड मला प्रत्यक्षात किलोमागे ८७-८८ रुपयांना पडतं. एका पिशवीला तीनशे ग्रॅम लागतं. त्याचे झाले २६ रुपये. कापडाचा खर्च खरोखरच एवढाच आहे, तुमचा अंदाज तिथे चुकत नाही. ३९० मधले बाकीचे कुठे जातात, ते पुढे सांगते.

निवडताना कॉटन वेगळं आणि पॉलिस्टर वेगळं करावं लागतं. हे मी मार खाऊन शिकले. २०१७ मध्ये एका शिलाई मशीनवर काम सुरू केलं, आणि पहिल्याच वर्षी लग्नात आहेर म्हणून द्यायला ४० पिशव्यांची ऑर्डर मिळाली. नवी उमेद होती, दिवस कमी होते. मिळाले ते तुकडे रंगसंगती बघून जोडले आणि सुंदर पिशव्या दिल्या. तीन आठवड्यांनी वधूच्या आईंचा फोन आला. पिशवी एकदा धुतली आणि तिचा आकारच गेला होता. सुती तुकडे आटले, पॉलिस्टरचे होते तेवढेच राहिले, त्यामुळे प्रत्येक शिवणीवर सुरकुत्यांची झालर उभी राहिली होती. वर मरून रंग शेजारच्या पांढऱ्यावर उतरला होता. त्या बाई रागावल्या नाहीत, "पाहुण्यांना काय सांगू" एवढंच म्हणाल्या, आणि ते मला रागापेक्षा जास्त लागलं. मिळतील त्या पिशव्या परत घेतल्या आणि सगळ्या नव्याने शिवून दिल्या. त्याला तीन महिने लागले.

तेव्हापासून शंका आली की तुकड्याचा एक दोरा काढून जाळून बघायचा. सुती दोरा कागद जळल्यासारखा वास देतो आणि त्याची राख बोटांत भुगा होते. पॉलिस्टरचा दोरा वितळून आकसतो आणि टोकाला कडक काळा मणी बनतो. आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या अक्कांना आता दोरा जाळायची गरजच पडत नाही. अंगठा आणि तर्जनीत तुकडा चोळला की त्या सांगतात, आणि शंभरात एखाद्या वेळीच चुकतात.

निवडलेलं सगळं धुवायचं, म्हणजे आटायचं ते आधीच आटेल आणि रंग सुटायचा तो बादलीतच सुटेल. ओला तुकडा पांढऱ्या फडक्यात दाबून ठेवायचा, फडक्यावर रंग उतरला तर तो तुकडा बाजूला. सोपं वाटतं ना? पण सोलापुरात राहणाऱ्याला विचारा. नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. ज्या दिवशी पाणी, त्या दिवशी आमचं धुणं. तो दिवस घरच्या कपड्यांचा, पिंपं भरण्याचा, आणि त्यातच आमच्या पोत्यांचा. एखाद्या वेळी पाणी रात्री दोनला येतं, तेव्हा रात्री दोनला धुतो. ऊन मात्र आपल्याकडे भरभरून आहे. मे महिन्यात गच्चीवर टाकलेले तुकडे वीस मिनिटांत पापडासारखे वाळतात.

आता कापणं. खरी गोम इथे आहे. नवं ताग्याचं कापड असलं की टेबलावर वीस थर लावायचे, वर कागदी नमुना ठेवायचा आणि एकदाच कापायचं. वीस पिशव्यांचे भाग अर्ध्या तासात तयार. कात्रणाचं तसं होत नाही. प्रत्येक तुकडा वेगळ्या आकाराचा, आणि त्याचा उभा धागा कुठला, आडवा कुठला, हे पुन्हा पाहावं लागतं. उरेब, म्हणजे तिरक्या धाग्याचा, तुकडा चुकून सरळ म्हणून लावला की पिशवी भरल्यावर त्या बाजूनं ओघळते. आमच्या एका पिशवीत छत्तीस तुकडे असतात. छत्तीस वेळा बघायचं, छत्तीस वेळा कापायचं.

सुरुवातीला मी पुठ्ठ्याचा चौकोन ठेवून पेन्सिलीने रेघा मारत असे. पुठ्ठ्याच्या कडा झिजायच्या, चौकोन लहानमोठे व्हायचे, जोडताना कोपरे जुळायचे नाहीत. उत्तर सापडलं ते विडी वळणाऱ्या हातांकडून. आमच्याकडच्या सहा जणींपैकी चौघींनी आयुष्यातली वीस-वीस वर्षं विड्या वळल्यात. तेंदूचं पान भिजवून मऊ करायचं, त्यावर पत्र्याचा फर्मा ठेवायचा आणि कात्रीने फर्म्याच्या कडेने कापत जायचं, हे त्यांच्या बोटांना झोपेतही येतं. पान कधी सरळ नसतं. त्याला जाड शिरा असतात, किडीची भोकं असतात. ती टाळून एका पानातून जास्तीत जास्त विड्यांचे तुकडे कसे काढायचे, यावर त्यांची कमाई अवलंबून असायची. एक दिवस मोठ्या अक्का माझ्याकडे बराच वेळ बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "ताई, रेघा कशाला मारताय? पत्रा आणा." दुसऱ्या दिवशी आम्ही कुंभार वेशीजवळ जाऊन चार इंची चौकोनाचा पत्र्याचा फर्मा करून आणला, कडा घासून घेतल्या. अक्कांनी मांडीवर सूप घेतलं, डाव्या हाताच्या अंगठ्याखाली फर्मा आणि तुकडा एकत्र धरला, डाग टाळून फर्मा किंचित फिरवला आणि चार सपकाऱ्यांत चौकोन मोकळा केला. तिरकस, डाग पडलेल्या ज्या तुकड्यातून मी एक चौकोन काढला असता, त्यातून त्यांनी दोन काढले.

मला वाटतं, माझ्या धंद्यातला सगळ्यात मोठा शोध तो होता, आणि तो माझा नव्हता. मी डिझाइनचा कोर्स केलाय, त्यात हे कुणी शिकवलं नव्हतं. लोक आमच्या पिशव्यांच्या रंगांचं कौतुक करतात तेव्हा मी हा फर्मा मुद्दाम काढून दाखवते.

जुन्या चादरींचंही सांगते, कारण त्या पिशव्यांची किंमत आणखी ४० रुपयांनी जास्त आहे आणि तेही तुम्ही विचारता. सोलापुरी चादर झिजते ती मधोमध, जिथे अंग टेकतं तिथे. किनारीकडचे पट्टे मात्र वर्षानुवर्षं मजबूत राहतात. त्यामुळे अख्ख्या चादरीतून जेमतेम दोन मोठ्या पिशव्या निघतात. पण त्या कापडाला दोन्हीकडून रूप असतं. एका बाजूला लाल जमिनीवर पांढरी वेल, उलटून धरलं की पांढऱ्यावर लाल. जाड असल्यामुळे साध्या मशीनच्या सुया मोडतात, जोडावरच्या चार पदरांतून तर मशीनचं चाक हाताने फिरवूनच सुई पार करावी लागते.

तर हिशेब. कापडाचे २६ झाले. अस्तराचा मांजरपाट नवा घ्यावा लागतो, त्याचे २५. दोरा, पट्टा, बटण मिळून १८. निवडणं, धुणं, इस्त्री आणि कापणं याचे ४५. जोडून शिवणारीला ११०. वरच्या बाजूला हाताने धावदोरा घालतात, त्याचे ६०. जागेचं भाडं आणि वीज पिशवीमागे २५ पडते, पॅकिंग ८, आणि वाया जाणाऱ्या मालाचे मी १२ धरते. बेरीज ३२९. उरलेल्या साठएक रुपयांतून स्टॉलचं भाडं, मशीनची दुरुस्ती, आणि मी.

यात २१५ रुपये फक्त हातांचे आहेत. कापड नवं आणलं तर कापडाचा खर्च वाढेल, पण निवडणं, धुणं, छत्तीस वेळा कापणं आणि जोडणं वाचेल, आणि पिशवी स्वस्तच पडेल. चिंधी वापरली की वस्तू महाग होते, हे ऐकायला उलटं वाटतं. पण चिंधीतलं स्वस्त असतं ते फक्त कापड.

काही जण सुचवतात, "दुकानात ठेवा, जास्त खपतील." दुकानदार शेकडा ३० कमिशन मागतात. ३९० मधून ११७ गेले की खर्चही निघत नाही. एकदा मोह झाला. पुण्यातल्या एका दुकानात ५० पिशव्या ठेवल्या, विकल्या जातील तसे पैसे या बोलीवर. सात महिन्यांनी ३१ परत आल्या, उन्हाने विटलेल्या. १९ पिशव्यांचे पैसे अजून यायचे आहेत. त्या महिन्यात अक्कांची मजुरी मी घरातून दिली. आता समोर येऊन घेतील त्यांनाच विकते.

२०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हा वाटलं, आता आपले दिवस आले. फोन खूप आले, पण सगळे "हजार द्या, पंधरा रुपयांनी" असे. मी त्यांना दोष देत नाही, भाजीवाल्याला तशीच पिशवी लागते. ती ताग्यावरून मशीनवर शिवलेली असते आणि ती तशीच असावी. आमची पिशवी त्या कामाची नाही. ती सात-आठ वर्षं खांद्यावर राहावी म्हणून केलेली असते. पहिल्या वर्षीच्या काही पिशव्या अजून पट्टा बदलायला येतात. पट्टा आम्ही फुकट बदलून देतो.

एक प्रश्न मात्र मला दरवेळी टोचतो. "आमची आजी घरातल्या जुन्या लुगड्यांची वाकळ फुकट शिवायची की." शिवायची. आमच्या घरीही वाकळ होती, शेजारच्या कानडी काकूंच्या घरी कौदी होती. दुपारची भांडी आवरली की ओसरीवर चार पदर अंथरून बसायचं, आणि महिना-दीड महिना धावदोरा घालत राहायचं. पाठ धरायची, सुईने बोटं फाटायची. त्या दुपारचे पैसे तिला कुणी दिले नाहीत आणि तिनेही मागितले नाहीत, म्हणून ती वाकळ आपल्याला फुकटची वाटते. माझ्याकडच्या बायका तोच दोरा, तशाच पाठीने घालतात. त्यांच्याही दुपारला किंमत नाही असं मला म्हणवत नाही.

एवढं वाचून तुम्हाला पिशवी महागच वाटली, तर ते मी समजू शकते. ३९० रुपये ही छोटी रक्कम नाही. घरात जुन्या सुती साड्या, चादरी असतील तर धुऊन आणून द्या. त्यांची पिशवी करून देताना कापडाचे २६ मी धरत नाही, बाकी मजुरी तेवढीच पडते. किनारी कापून टाकू नका, आम्हाला त्या लागतात.

आणि एक आधीच सांगून ठेवते. दोन वर्षं झाली, शिलाईचे ११० तेवढेच आहेत, आणि किराणा काही तेवढाच राहिलेला नाही. या दिवाळीनंतर ते १३० करायचं ठरलंय. म्हणजे येत्या गड्ड्याला पिशवीवर ४१० ची चिठ्ठी असेल. वरचे वीस शिवणाऱ्या अक्कांचे आहेत.